बी मोजणाऱ्या मॅडम

कोणी विद्यार्थी "मॅडम, झालं" म्हणाला की मॅडम चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "झालं म्हंजे काय झालं?"

आवाज चढलेला नसायचा. समोरच्याला वाटायचं, साधा प्रश्न आहे. तो उत्साहाने सांगायला लागायचा, की लिहिलं, चालवलं, उत्तर आलं. "कोणतं आलं? कोणतं यायला पाहिजे होतं? मुद्दाम चुकीचं दिलं तर काय येतं, ते बघितलं का?" तिसऱ्या प्रश्नाला तो आपल्या कॉम्प्युटरकडे परत निघालेला असायचा. मॅडम चष्मा लावून पुढचं काम बघायच्या. मी त्या प्रयोगशाळेत सहायक आहे. माणूस परत पाठवायला तहसील कार्यालयातसुद्धा याहून जास्त बोलावं लागतं.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज जालन्याच्या बाहेर आहे. मॅडम चिप डिझाईन शिकवायच्या. मोबाईलमध्ये किंवा विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये जी काळी चौकोनी वडी दिसते, तिच्या आत नखाएवढा तुकडा असतो आणि त्यावर हजारो-लाखो बारीक बटणं असतात. ती कशी मांडायची, कशाला कशाशी जोडायचं, हा विषय. तुम्ही कधी इंजिनिअरिंगचं प्रॅक्टिकल जवळून पाहिलं असेल तर तुम्हाला माहीत असेल, आकडे प्रयोगातून येत नाहीत, मागच्या वर्षीच्या फाइलीतून येतात. आमच्याकडे काही आकडे असे होते की ते ज्याने पहिल्यांदा मोजले तो माणूस निवृत्त झाला होता. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात जुन्या फाइली मागवल्या, गठ्ठा बांधला आणि मला म्हणाल्या, "म्हस्केभाऊ, हे कुलपात ठेवा. चावी मलाबी देऊ नका."

मॅडम जालन्याच्याच. घराणं राजस्थानातून आलेलं, पण किती पिढ्यांपूर्वी ते घरातही कोणाला नक्की सांगता यायचं नाही. जुन्या बाजारात वडिलांचं बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं, दुकान होतं, ते आता थोरले भाऊ बघत. मॅडम बंगळूरला एका चिपच्या कंपनीत बरीच वर्षं नोकरी करून परत आल्या होत्या. एवढी मोठी नोकरी सोडून का आल्या, हे स्टाफरूममध्ये प्रत्येकाने एकदा विचारलं. मॅडम प्रत्येकाला एकच सांगायच्या, "तिथं पाण्याचा फार त्रास होता." जालन्यात तेव्हा नळाला कितव्या दिवशी पाणी येईल यावर लोक पैज लावत. कोणी हसलं नाही, कारण मॅडमही हसल्या नव्हत्या.

पहिल्या वर्षी त्यांनी कॉम्प्युटर लावूच दिले नाहीत. चिपच्या नकाशात थरांना रंग असतात, हिरवा, लाल, निळा. मॅडमनी रांगोळीच्या पिशव्या आणल्या आणि पोर्चमधल्या फरशीवर पोरांना दोन आकड्यांची बेरीज करणाऱ्या चिपचा नकाशा काढायला बसवलं. दोन लाल रेघांत एका बोटाचं अंतर पाहिजे, हा नियम. अंतर कमी पडलं तर कारखान्यात दोन्ही रेघा एकमेकींना चिकटतात आणि सगळं वाया जातं. ज्या पोरांनी जन्मात रांगोळी हातात धरली नव्हती ती चार तास उकिडवी बसली. अंकुशनगरच्या तुषारची निळी रेघ बघून मॅडम म्हणाल्या, "हा हायवे आहे. मला पायवाट पाहिजे."

नेमके तेव्हाच संस्थेचे अध्यक्ष आले. रांगोळी आपल्या स्वागताची आहे असं समजून त्यांनी चप्पल काढली, मधोमध जाऊन उभे राहिले आणि फोटोसाठी हात जोडले.

मॅडम म्हणाल्या, "साहेब, तुम्ही हातच्यावर उभे आहात."

अध्यक्षांनी आपले दोन्ही हात बघितले. बेरजेतला हातचा त्यांच्या उजव्या पायाखाली होता, हे सांगायची हिंमत प्राचार्यांनाही झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायाने उरलेली बेरीज झाडून काढली. पोरांना मात्र हातचा कुठून कुठे जातो ते कायमचं पाठ झालं.

पुढे खऱ्या चिपचं ठरलं. हल्ली जगभरातल्या विद्यार्थ्यांचे छोटे छोटे नकाशे एकाच तुकड्यावर बसवून परदेशातल्या कारखान्यात छापून घ्यायची सोय आहे. भरल्या एसटीत कोपऱ्यातली सीट मिळावी तशी आमच्या पोरांना त्यात एक जागा मिळाली. चिप कशाची करायची यावर आठवडाभर चर्चा झाली. कोणाला रोबोट पाहिजे होता, कोणाला रॉकेट. मॅडम ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "तुझ्या घरी आहे का रॉकेट?"

हसनाबादची ऋतुजा मागच्या बाकावर बसायची. ती म्हणाली, "आमच्या घरी सोयाबीनची उगवण बघतेत. शंभर बी मोजायचं, ओल्या बारदानात गुंडाळून ठेवायचं आन् किती उगवलं ते बघायचं. आईचं मधीच कुणी बोललं की ध्यान जातं. मंग परत पहिल्यापासून."

"शंभर मोजायचं आन् थांबायचं," मॅडम म्हणाल्या. "बराबर. हेच करू."

त्या सहामाहीत प्रयोगशाळेत सगळीकडे सोयाबीन झालं. नकाशा कारखान्यात पाठवण्याआधी तो सरावाच्या बोर्डावर चालवून बघता येतो. नरसाळ्यातून एक एक बी खाली पडायचं, वाटेत एका बारीक दिव्याचा प्रकाश अडायचा आणि आकडा एकाने वाढायचा. कीबोर्डच्या फटीत सोयाबीन, माझ्या रजिस्टरमध्ये सोयाबीन, कोपऱ्यात मॅडमनी दुकानातून आणलेल्या ओल्या बारदानात सोयाबीन. आठवड्यात उंदीर आले. मी तक्रार केली तर मॅडम म्हणाल्या, "उंदीर दिव्याच्या आडवा गेला तर एक म्हणून मोजला जातो का, बघा बरं."

मी बघितलं. जातो.

उंदराचं माझ्याकडे आलं, मी पिंजरा लावला. पण धुळीचा कणही मोजला जायचा आणि दिवा लुकलुकला तरी आकडा वाढायचा. म्हणून ऋतुजाने उपाय काढला. प्रकाश अडल्यावर चिपने क्षणभर थांबायचं, अजून अडलेला आहे ना याची खात्री करायची, मगच मोजायचं. क्षणभर म्हणजे पापणी लवायच्या आत. हे थांबणं डोळ्याला दिसावं म्हणून तिने सरावाच्या बोर्डावर तो क्षण मोठा करून ठेवला, पाच सेकंदांचा. बी दिव्यासमोर धरायचं, एक ते पाच म्हणायचं, आकडा वाढलेला बघायचा. नीट चाललं. पाठवायच्या आधी तेवढं परत छोटं करायचं होतं.

पाठवायचा शेवटचा दिवस होता. दुपारी मॅडमना घरून फोन आला. वडील दुकानात पडले होते, त्यांना संभाजीनगरच्या दवाखान्यात नेत होते. मॅडम गाडीची किल्ली हातात घेऊन प्रयोगशाळेच्या दारात आल्या.

"ऋतुजा, सगळं झालं?"

"झालं, मॅडम."

"बरं."

त्यांनी उभ्याउभ्या पाठवायचं बटण दाबलं आणि गेल्या. मी तिथेच कपाट लावत होतो. ते "बरं" मला खटकलं होतं. पण माणसाचे वडील दवाखान्यात असताना त्याला "आज विचारलं नाही तुम्ही" असं कोण म्हणणार? मी कपाट लावलं.

वडील तिसऱ्या दिवशी गेले. सगळे दिवस झाल्यावर मॅडम कामावर आल्या आणि आदल्या तासाला जिथे थांबलं होतं तिथून पुढे शिकवायला लागल्या.

चिप यायला बरेच महिने लागले. आली तेव्हा संस्थेने कार्यक्रम ठेवला. मॅडम प्राचार्यांना म्हणाल्या होत्या, "आधी आम्ही चालवून बघतो, मंग हार आणा." पण पाहुण्यांची तारीख ठरली होती आणि चिपचा डबा सगळ्यांसमोर उघडायचा होता. स्टेजवर टेबल, टेबलावर बोर्ड, मागे मोठा पडदा, त्यावर तीन शून्यं. हसनाबादहून ऋतुजाचे आईवडील आले होते, दुसऱ्या रांगेत अंग चोरून बसले होते. ऋतुजाने नरसाळ्यात सोयाबीन ओतलं. सगळं खाली पडलं. पडद्यावर तीन शून्यं. तिने पुन्हा ओतलं. तीन शून्यं. तिसऱ्यांदा ओतताना अर्धं बी स्टेजवर पसरलं. सभागृहात बी घरंगळल्याचा आवाज ऐकू येत होता.

मॅडम उठल्या, माईकजवळ गेल्या.

"चिप चालत न्हाई. का, ते अजून माहीत न्हाई. कळलं की सांगते. चहा घ्या."

आणि खाली बसल्या. शाल आणलेली होती, ती कोणाला द्यायची हे ठरेना. शेवटी पाहुण्यांनाच दिली.

दुसऱ्या दिवसापासून ऋतुजा कॉलेजात आली नाही. फोन बंद. होस्टेलच्या मुलींनी सांगितलं, सामान घेऊन गेली. दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत म्हणाल्या, "म्हस्केभाऊ, तुम्हाला हसनाबादचा रस्ता माहीत आहे ना?" माझी सासुरवाडी त्याच बाजूला. मी त्यांच्या गाडीत पुढे बसलो. वाटेत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला त्या दिवशी आठवलं होतं ना, मी विचारलं न्हाई ते?"

मी म्हणालो, "आठवलं होतं."

"पुढच्या वेळी बोला."

ऋतुजाचं घर शेतातच आहे. वडिलांनी बाज टाकली, मॅडमना बसवलं, स्वतः उभे राहिले.

"मॅडम, पोरगी काहीच सांगून न्हाई राह्यली. लई भारीचं काही फोडलं का तिनं?"

"फोडलं न्हाई काही. चुकलं. आन् तिचं एकटीचं न्हाई."

ऋतुजा दाराच्या आत उभी होती. तिथूनच म्हणाली, "माझंच चुकलं. मी झालं म्हणाले होते."

"तू म्हणालीस. मी विचारायला पाहिजे होतं. माझं काम तेवढंच आहे, आन् त्या दिवशी मी ते केलं न्हाई."

"पण तुमचे बाबा..."

"माझे बाबा दवाखान्यात होते. चिपला ते माहीत न्हाई."

ऋतुजाची आई चहा घेऊन आली. तिने विचारलं, "बाई, ते शंभर बी मोजायचं म्हणत होती, ते हेच का?"

"हेच."

"मंग अजून हातानंच मोजायचं म्हणा."

"ह्या साली हातानं मोजा," मॅडम म्हणाल्या.

ऋतुजा बाहेर आली. रडून डोळे सुजले होते. "मॅडम, मी आले तर सगळे हसतील."

"हसतील. दोन दिवस. पण चिप का चालत न्हाई, ते कोणालाच माहीत न्हाई. तुला न्हाई, मला न्हाई. मला दहा दिवस धड झोप न्हाई. तुला लागते का?"

"न्हाई."

"मंग चल."

वडील बाजेच्या कडेला बसले, तेव्हा पहिल्यांदा. मुलीला म्हणाले, "जा. मॅडम एवढ्या लांबून आल्यात." येताना गाडीत मागे ऋतुजाची बॅग, एक गोणी शेंगा आणि ऋतुजा होती. शेंगा नको म्हणून मॅडम बऱ्याच बोलल्या. त्या प्रकरणात त्यांचं कोणी ऐकलं नाही.

प्रयोगशाळेत मॅडमनी ऋतुजाला खिडकीजवळ बसवलं आणि स्वतः शेजारी पेपर तपासत बसल्या. तुषार म्हणाला, "मॅडम, तुम्ही एकदा नजर टाका ना. तुम्हाला लगेच सापडेल."

"सापडेल. मंग तिला कधीच सापडणार न्हाई."

हे त्यांना जड जात होतं, ते मला दिसत होतं. एकच पेपर त्या अर्धा अर्धा तास धरून बसायच्या. कान ऋतुजाकडे. ऋतुजा आपलंच लिहिलेलं ओळ न् ओळ मोठ्याने वाचायची. पोरं दोन दिवस हसली, मग मागे उभी राहून ऐकायला लागली.

चौथ्या दिवशी वाचता वाचता ती थांबली. तीच ओळ पुन्हा वाचली. मग तोंडावर हात ठेवून म्हणाली, "पाच सेकंद."

मॅडमनी पेपर खाली ठेवला.

ऋतुजाने चिमट्यात एक सोयाबीन धरलं, दिव्यासमोर नेलं आणि धरून ठेवलं. दुसऱ्या हाताने मनगट पकडलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. एक, दोन, तीन, चार, पाच.

पडद्यावर एक आला.

चिप मेलेली नव्हती. ती आमच्याच सांगण्याप्रमाणे प्रत्येक बियाची पाच सेकंद खात्री करत होती, आणि स्टेजवर पडलेलं एकही बी तिच्यासमोर तेवढं थांबलं नव्हतं. तुषारने दुसरं बी दिलं. मग सगळ्यांनी रांग लावली, एकेकाने एकेक बी धरायचं. दहाबारा मिनिटांत शंभर झाले आणि आकडा थांबला. ऋतुजाने मुद्दाम एकशेएकावं धरून पाहिलं. सहा सेकंद, सात सेकंद. चिपने मोजलं नाही.

मॅडमनी चष्मा काढला आणि पदराने बराच वेळ पुसला. तिथला पंखा जुना आहे, त्याची धूळ पडते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अध्यक्षांना पत्र पाठवलं. मीच नेऊन दिलं, म्हणून मजकूर माहीत आहे. "कळलं की सांगते म्हणाले होते. चिप चालते. सावकाश. चूक माझी आणि विद्यार्थिनीची, दोघींची. कारण सोबत जोडलं आहे." खाली दोघींच्या सह्या होत्या. अध्यक्षांनी पत्र वाचून विचारलं, "मग शाल परत मागवायची का?" मी म्हणालो, विचारून सांगतो.

ऋतुजा आता हैदराबादला असते. तिथल्या कंपनीत ती दुसऱ्यांच्या चिपमधल्या चुका शोधते. मुलाखतीत तिला विचारलं होतं, तुम्ही काय बनवलंय? तिने सांगितलं, न चाललेली चिप, आणि ती का चालली नाही ते. मुलाखत तासभर चालली म्हणे.

पुढच्या वर्गाने तोच नकाशा नव्याने करायला घेतला. तो क्षण छोटा केला आणि सगळी मांडणीच बदलली. मॅडमनी सगळ्यांच्या फाइली तपासायला घरी नेल्या होत्या. उन्हाळा सुरू झाला होता. रविवारी सकाळी घरात बसून फाइली बघत असताना त्यांना बरं वाटेना. त्यांनी वहिनीला पाणी मागितलं. वहिनी पाणी घेऊन आल्या तोपर्यंत सगळं संपलं होतं. वय जाण्याचं नव्हतं, आजारही काही नव्हता. सोमवारी पोरं नेहमीच्या वेळेला येऊन बसली होती. त्यांना मी सांगितलं. कोणत्या शब्दांत सांगितलं, ते आता आठवत नाही.

त्यांच्या घरी सांत्वनाची बैठक होती, तिला मी गेलो. बाजारातली सगळी मोठी मंडळी पांढऱ्या कपड्यांत बसलेली. मॅडमचे थोरले भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "म्हस्केसाब, आमची बाई घरी काही बोलायची न्हाई. नेमकं काय शिकवायची हो तुमच्याकडं?"

मी चिप म्हणजे काय ते सांगायला लागलो. रांगोळी सांगितली, सोयाबीन सांगितलं. ते मान हलवत होते. मग म्हणाले, "बारदान मागून न्यायची दुकानातून. मला वाटायचं, पाय पुसायला." त्यांनी आतून फाइलींचा गठ्ठा आणून माझ्या हातात दिला.

मी तो प्रयोगशाळेत आणून एकेक फाइल उघडली. बहुतेकांवर लाल पेन्सिलीने शेरे आणि शेवटी सही. शेवटच्या काहींना हातच लागला नव्हता. मधली एक फाइल अर्धी तपासलेली होती. पिंपळगाव रेणुकाईच्या कोमलची. चौदाव्या पानावर समासात लिहिलं होतं, "हे बराबर. पण इथं"

पुढे काही नव्हतं.

मी फाइल कोमलला दिली. ती उभ्याउभ्या वाचून म्हणाली, "भाऊ, पण इथं काय?"

मला इलेक्ट्रॉनिक्स फारसं येत नाही. पण इतकी वर्षं ऐकून काही कानावर पडलेलं आहे. आम्ही दोघं बसलो. संध्याकाळपर्यंत त्या पानावर कोमलला एक चूक सापडली. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग बसला आणि दुसरी सापडली, मग तिसरी. ऋतुजाला पानाचा फोटो पाठवला. तिने दोन दिवसांनी फोन करून चौथी काढली. मॅडमना यातली कोणती म्हणायची होती, हे कळायला मार्ग नव्हता. चारही दुरुस्त केल्या आणि नकाशा पाठवला. त्या दिवशी पाठवायच्या आधी मी बोललो, "झालं म्हंजे काय झालं?" पोरांनी मुकाट्याने पुन्हा सगळं तपासलं. ती चिप पुढे आली आणि ती चालते, पापणी लवायच्या आत. पण ते नंतरचं.

त्याआधी परीक्षा होती. ज्या फाइली तपासायच्या राहिल्या होत्या त्यांवर प्राचार्यांनी दुसऱ्या सरांना सह्या करायला सांगितल्या. सरांनी केल्या. कोमलने आपली फाइल दिली नाही. परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले, त्यांनी पानं उलटली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"सही कुठंय?"

कोमल म्हणाली, "सर, मॅडमचं तपासून व्हायचंय."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. त्यांनी दोन मार्क कापले. कोमलने फाइल उचलली, छातीशी धरली आणि पुढच्या टेबलावर तोंडी परीक्षेला गेली.